८० रुपयांत मंगळवाल्यांची स्वारी, त्यातली १६ पानं गायब

ऑफिस सुटल्यावर हुतात्मा चौकाकडून सीएसएमटीला चालत येताना फूटपाथवर पुस्तकं दिसली की माझे पाय आपोआप स्लो होतात. नवऱ्याला हे माहितीये, म्हणून तो फोनवर आधीच सांगतो की घरात जागा नाहीये. तर गेल्या महिन्यात तिथेच एच. जी. वेल्सचं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' मिळालं. फूटपाथवाल्याने १५० सांगितले, मी ६० म्हटलं, ८० ला तुटलं.

आधी वस्तूबद्दल बोलते कारण पैसे वस्तूचे दिलेत. कागद रद्दीचा, अक्षर बारीक, बाइंडिंग असं की पुस्तक पूर्ण उघडलं तर पाठीतून कटकट आवाज येतो. कव्हरवर मस्त चकाकती उडती तबकडी. आता गंमत अशी की हे पुस्तक १८९८ चं आहे, आणि 'फ्लाइंग सॉसर' हा शब्दच मुळात १९४७ मध्ये अमेरिकेत निघाला. आत मंगळावरचे लोक येतात ते तोफेच्या गोळ्यासारख्या सिलिंडरमधून, आणि मग तीन पायांच्या उंचच उंच यंत्रात बसून फिरतात. म्हणजे कव्हर बनवणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही. पण खरा झोल पुढे आहे. पान ९६ संपतं आणि त्यानंतर परत ८१ सुरू होतं. ८१ ते ९६ दोनदा, मग एकदम ११३. मधला १६ पानांचा अख्खा फॉर्म (एकत्र छापून बांधलेला गठ्ठा) गायब. आणि गायब कुठे झालाय तर लंडनहून लाखो लोक पळताहेत, रस्त्यात एका माणसाची सोन्याच्या नाण्यांची थैली फुटते आणि तो गाड्यांच्या चाकांखाली वाकून नाणी गोळा करायला लागतो, तिथे! मी घाटकोपर ते विक्रोळी नुसती पानं मागे-पुढे करत बसले होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "काय हरवलं का?"

हरवलेली पानं फुकटात मिळाली हे सांगून टाकते, कोणाच्या बाबतीत असं झालं तर उपयोगी पडेल. वेल्स १९४६ मध्ये गेला. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे भारतात हे पुस्तक केव्हाच मोकळं झालंय. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अख्खं आहे, मोबाईलवर डाउनलोड केलं आणि राहिलेला भाग भांडुपच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या वाचला. मग ८० रुपये कशाला घातले असं नवरा म्हणाला. त्याला काय सांगणार.

आता आतला माल. (पुढे गोष्ट फुटणार आहे, पण सव्वाशे वर्षं झाली, आता काय.)

परग्रहावरचे हल्ला करतात म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, अमेरिकेचे प्रेसिडेंट, जनरल, टेबलावर नकाशे, आणि एक शास्त्रज्ञ ज्याचं आधी कोणी ऐकलेलं नसतं. मी नारळीकरांच्या कथा वाचून मोठी झाले, तिथेही संकट आलं की ते ओळखायला आणि सोडवायला हुशार माणसं असायची, आणि वाचताना मला नेहमी वाटायचं की या वेळी आमच्या भांडुपमध्ये काय चाललं असेल? वेल्स फक्त तेवढंच सांगतो. प्रधानमंत्री नाही, कंट्रोल रूम नाही. गोष्ट सांगणाऱ्याला नावसुद्धा नाही. लंडनबाहेर वोकिंग नावाच्या गावात राहणारा एक लिहिणारा माणूस, बायको आहे, घर आहे, लंडनला डॉक्टरकी शिकणारा भाऊ आहे. बस. वोकिंग मी मॅपवर बघितलं, लंडनपासून अंतर साधारण आपल्या सीएसएमटी ते ठाणे एवढंच. ट्रेनचं गाव. वेल्स स्वतः तिथे १८९५-९६ मध्ये राहायचा, सायकल शिकला होता, आणि सायकलवर हिंडून हिंडून आजूबाजूच्या कुठल्या जागा मंगळवाल्यांकडून उडवायच्या ते ठरवायचा. मला हे फार आवडलं. कारण पुस्तकात सगळी खरी नावं आहेत, वेब्रिज, शेपर्टन, किंग्स्टन, आणि ती तीन पायांची यंत्रं स्लो लोकलसारखी एकेक स्टेशन घेत लंडनकडे सरकतात. मी मनात ठाणे, मुलुंड, नाहूर असं करत वाचत होते. भांडुपला आले तेव्हा जरा पोटात गोळाच आला.

सगळ्यात भारी भाग सुरुवातीचा आहे. मैदानात खड्डा पडलाय, त्यात ३० यार्ड रुंद सिलिंडर अर्धा रुतलाय, वरचं झाकण आतून कोणीतरी फिरवून उघडतंय. आणि भोवती काय चाललंय? जत्रा. पोरं दगड मारताहेत, लोक धक्काबुक्की करत पुढे घुसताहेत, आणि एका मिठाईवाल्याने आपल्या पोराला हातगाडी देऊन पाठवलंय, हिरवी सफरचंद आणि जिंजर बिअर विकायला! म्हणजे समजा आरे कॉलनीत असं काही पडलं तर पहिल्या तासात शेंगदाणेवाला, दुसऱ्या तासात कुल्फी, आणि तिसऱ्या तासात कोणीतरी पार्किंगचे २० रुपये घ्यायला उभा. हे त्या माणसाला १८९७ मध्ये कसं कळलं? मग संध्याकाळी पांढरा झेंडा घेऊन काही मंडळी बोलायला पुढे जातात आणि उष्णतेच्या किरणाने जळून जातात. खुद्द हिरो जीव घेऊन पळतो, गावातल्या पुलापाशी दमून येतो, तिथे उभ्या लोकांना सांगायला जातो की अरे मंगळावरून माणसं आलीत, तर ते हसतात. ट्रेन रोजच्यासारखी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला येतो.

दूधवाला येतो! मी ते वाक्य दोनदा वाचलं.

याच्यावर मला २६ जुलै आठवल्याशिवाय राहिला नाही. २००५, माझी पहिली नोकरी, फोर्टमध्येच. सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला हे सगळ्यांना पाठ आहे, पण कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नव्हता हे फार कमी लोकांच्या लक्षात आहे. म्हणजे आम्ही फोर्टमध्ये दुपारी चहा पीत बसलो होतो, पाऊस नेहमीचा, आणि तिकडे कुर्ला-कलिन्यात माणसं पहिल्या मजल्यावर चढत होती. घरून फोन लागेना तर आमचे साहेब म्हणाले, लाईन खराब असेल, फाईल पूर्ण करून जा. पुस्तकात अगदी हेच आहे. वोकिंग जळतंय आणि लंडनमध्ये भाऊसाहेब निवांत आहेत, पेपरात चार ओळींची बातमी, ती पण गुळमुळीत. रविवारी लोक चर्चला जातात. स्टेशनवर फक्त एवढंच कळतं की त्या बाजूच्या गाड्या येत नाहीयेत. गाड्या का येत नाहीत तर माहीत नाही, बहुतेक काहीतरी बिघाड. संकट आणि संकटाची बातमी यांच्यामध्ये जी रिकामी जागा असते ती मी इतकी नीट लिहिलेली कुठेच वाचली नव्हती. (आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, आता बातमी संकटाच्या आधीच येते, ते वेगळं.)

अजून एक जागा. हिरोला बायकोला घेऊन पळायचंय, म्हणून तो धावत जवळच्या पबवाल्याकडे जातो, त्याची घोडागाडी भाड्याने मागायला. पबवाल्याला काहीच पत्ता नाही. तो म्हणतो एक पौंड, हा म्हणतो दोन देतो आणि रात्री बारापर्यंत गाडी परत आणून देतो. तो बिचारा चक्रावतो, भाडं डबल पण देणार आणि गाडी पण परत आणणार? हा त्याला खरं कारण सांगत नाही, नुसतं घर सोडावं लागतंय म्हणून कटवतो. आणि नंतर स्वतःच लिहितो की त्या पबवाल्यानेही घर सोडायला हवं हे तेव्हा मला तितकं अर्जंट वाटलं नव्हतं. एवढंच. पुढे, बायकोला नातेवाईकांकडे सोडून हा दिलेला शब्द पाळायला त्याच रात्री, विजा चमकताहेत, धो धो पाऊस पडतोय, गाडी परत करायला येतो (हो, जग बुडतंय आणि हा भाड्याची गाडी परत करतोय), आणि घराजवळ अंधारात पायाला काहीतरी लागतं. विजेच्या उजेडात बघतो तर तोच पबवाला. मेलेला. मी कांजूरला पुस्तक मिटलं आणि भांडुपपर्यंत नुसती बाहेर बघत राहिले. मंगळाच्या यंत्रांनी मला एवढं हलवलं नाही.

आता भांडण. ती नाणीवाली जागा मोबाईलवर पूर्ण वाचली तर तो माणूस चाकाखाली येतो, पाठ मोडते, आणि भाऊ त्याला ओढून बाहेर काढायला जातो तर तो नाणी मुठीत धरून भावाच्याच हाताला चावतो. लिहिलंय जबरदस्त, शंका नाही. पण त्या दोन प्रकरणांत जी गर्दी आहे ती सगळी जनावरासारखीच आहे. तुडवणारी, लुटणारी, घोडे पळवणारी. चांगलं वागणारी माणसं मोजून दोन-चार, आणि तीही मधल्या वर्गातली, इंग्रजी नीट बोलणारी. मला ते पटलं नाही. मी त्या २६ जुलैला सायनला ट्रॅकवर उतरले आणि हायवेने चालत पहाटे चारला भांडुपला पोचले. वय २३, बरोबर ऑफिसमधली एकही व्यक्ती नाही. विक्रोळीच्या आधी कुठेतरी एका वस्तीतली माणसं रस्त्याच्या कडेला पातेलं घेऊन उभी होती, ज्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी होतं ती माणसं, आणि चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चहाचा कप आणि दोन पारले-जी ठेवत होती. बिस्किटं मऊ पडलेली. एका काकांनी एक दोर धरून ठेवला होता, जिथे गटाराचं झाकण उघडं होतं तिथे, आणि ते ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता, "डावीकडून या ताई, डावीकडून." ते काका वेल्सच्या गर्दीत कुठेच नाहीत. मान्य, पाणी म्हणजे उष्णतेचा किरण नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओसरणार हे आतून माहीत असतं. त्याच रात्री पाण्याची बाटली तिप्पट भावात विकणाराही मी पाहिला. पण वेल्सला फक्त बाटलीवालाच दिसला असता असं मला वाटतं.

बाकी माणसं मात्र पक्की ओळखीची. एका पडक्या घरात हिरो आणि एक पाद्री अडकतात, बाहेर अंगणातच मंगळवाल्यांचा तळ. किचन आणि मोरी, एवढीच जागा. भिंतीला एक फट, आणि त्या फटीतून बाहेर बघायला कोणी बसायचं यावरून दोघांची ढकलाढकली. पाद्री रडतो, मोठ्याने बोलतो, आणि वाटून ठेवलेलं खाणं आधीच संपवतो. ज्यांनी २०२० चं लॉकडाऊन वन रूम किचनमध्ये चार माणसांबरोबर काढलंय त्यांना या प्रकरणाची टिपणं द्यायची गरज नाही. आमच्याकडे खिडकीवरून व्हायचं, कारण नेटवर्क तिथेच यायचं. शेवट काय होतो ते सांगत नाही, वाईट होतो, आणि हिरोच्या हातून होतो. आमच्याकडे वेळ तिथवर आली नाही, पण एप्रिलमध्ये जवळ आली होती.

आणि तो तोफखान्यातला शिपाई! लंडन ओस पडलंय, आणि पटनी हिलवर हा भेटतो, त्याच्याकडे अख्खा प्लॅन तयार. माणसांनी गटारांत राहायचं, सशक्त लोक निवडायचे, दुबळ्यांना घ्यायचं नाही, पुस्तकं जपायची, मग एक दिवस मंगळवाल्यांचंच यंत्र पळवायचं. बोलतो असा की हिरोपण भारावतो. मग तो आपण खणलेला बोगदा दाखवतो. आठवडाभर खणलाय म्हणे, लांबी जेमतेम १० यार्ड, जो हिरोच्या अंदाजाने एका दिवसाचं काम आहे. थोडं खणतात, मग शिपाई म्हणतो, जरा ब्रेक घेऊ. मग जेवण, मग शॅम्पेन, सिगार आणि पत्ते. मी हसून हसून खिडकीला टेकले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रीडेव्हलपमेंटचे प्लॅन टाकणारे एक काका आहेत, त्यांना हे प्रकरण पाठवायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरलाय.

शेवटाबद्दल बऱ्याच जणांची तक्रार असते की फसवणूक आहे, माणसं काही करतच नाहीत, मंगळवाले आपल्या इथल्या जंतूंनी आपोआप मरतात. मलाही कॉलेजात ऐकीव माहितीवर तसंच वाटायचं. पण यावेळी तारखा बघितल्या आणि जरा थबकले. ही गोष्ट आधी मासिकातून आली, एप्रिल ते डिसेंबर १८९७. त्या वर्षी मुंबईत काय चाललं होतं? प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगसना मांडवीत पहिल्या केसेस दिसल्या आणि नंतरच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली, ट्रेनने, बैलगाडीने, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. माझ्या पणजीच्या घरचे तेव्हाच गिरगावातली खोली बंद करून रत्नागिरीकडे गेले, नि परत यायला दोन वर्षं लागली अशी घरातली गोष्ट आहे. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन या शास्त्रज्ञाने इथेच आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. जूनमध्ये राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा समारंभ, आणि त्याच रात्री पुण्यात प्लेगवरच्या जुलमापायी चापेकरांनी रँडला गोळी घातली. म्हणजे तिकडे एक माणूस जंतूंनी लंडन वाचतं अशी गोष्ट लिहितोय, आणि त्याच महिन्यांत त्याच साम्राज्याचं एक शहर जंतूंनी खरोखर रिकामं होतंय. रिकाम्या लंडनचं जे वर्णन शेवटी आहे, बंद दारं, कुत्री, आणि लांबून येणारा 'उल्ला, उल्ला' असा दोन सुरांत रडण्याचा आवाज, ते वाचताना माझ्या डोळ्यासमोर लंडन आलंच नाही, बंद खोल्यांचं गिरगाव आलं.

आणि वेल्स भोळा नव्हता हं. पहिल्याच प्रकरणात तो सांगून टाकतो की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपण टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते आठवा, ५० वर्षांत संपवलं त्यांना. ज्या देशाचं जगभर राज्य त्याच देशाच्या वाचकाला असं तोंडावर. यासाठी त्याला माझे दोन मार्क जास्त.

इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांब, पहिली काही पानं दुर्बीण आणि ग्रहांची चर्चा, तिथे कंटाळलात तर थेट सिलिंडर पडतो तिथे जा, काही बिघडत नाही. बायका जवळजवळ नाहीतच, हिरोच्या बायकोला नाव पण नाही, फक्त एक मिस एल्फिन्स्टन आहे जी रिव्हॉल्व्हर काढून चोरांवर झाडते, तिच्यासाठी टाळ्या. (मला एल्फिन्स्टन म्हटलं की स्टेशनच आठवतं, आता त्याचं प्रभादेवी झालं तरी.) बोटीचं प्रकरण, 'थंडर चाइल्ड' नावाची युद्धनौका तीन यंत्रांच्या अंगावर धावून जाते ते, मुलांना नक्की वाचून दाखवा. तेच नेमकं माझ्या प्रतीत नाही.

पुस्तकाला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या हायवेवरच्या काकांसाठी कापला. प्रतीला दीड.

तक्रार करायला मी परत गेले होते. फूटपाथवाल्याने पुस्तक हातात घेतलं, पान ९६ बघितलं, पुढचं ८१ बघितलं, आणि म्हणाला, "मॅडम, सोळा पानं एक्स्ट्रा दिलीत की तुम्हाला." मग ढिगातून दुसरी प्रत काढून दिली, ती मी तिथेच उघडली. ९६ नंतर ८१. तिसरी, तेच. त्याने पैसे परत केले नाहीत पण ती जादाची प्रत तशीच ठेवा म्हणाला, म्हणून आता घरात दोन आहेत आणि नवरा माझ्याशी जपून बोलतोय. एक प्रत मुलाला दिली, नववीत आहे, परीक्षा संपल्यावर वाचायला घेतलीये. काल रात्री विचारलं तर पान ८८ वर होता, नाणीवाला माणूस अजून यायचाय. मी काही बोलले नाहीये.